सारीपाटाचा लुडो करू नका

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या की त्याचे चार अर्थ निघतात आणि पाचवा कोणीतरी स्क्रीनशॉट काढून पाठवतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

दिवाळीच्या मेळाव्यात यंदा मुलांसाठी जुन्या खेळांचा कोपरा ठेवायचं ठरलं आणि त्यात सारीपाट आला, तेव्हा मला खरंच आनंद झाला. मग मीटिंगचं टिपण आलं. त्यात लिहिलंय की सोंगटी मारायची नाही, दोन सोंगट्या एका घरात आल्या तर त्या "शेजारी" म्हणून राहतील. जोड्या नकोत, प्रत्येक मूल आपापलं खेळेल. कवड्या मोजायला मुलांना वेळ लागतो म्हणून साधा सहाचा फासा. आणि शेवटी चौघांनाही मेडल. कारणंही दिली आहेत: लहान मुलं रडतात, मग पालकांत कुरबुर होते, आणि "इथल्या वातावरणात वाढलेल्या मुलांना असं एकमेकांना मारणं सवयीचं नाही".

माझा याला विरोध आहे. मेळाव्याला नाही, कोपऱ्यालाही नाही, या चार ओळींना. ज्या तायांनी हे लिहिलं त्यांनी प्रेमाने लिहिलंय, हे मला माहीत आहे. त्यातल्या दोघींच्या घरी मी जेवते. तरी विरोध आहे.

आधी माझ्या धंद्यातलं सांगते. एखाद्या कंपनीने हिशोबाचं धोरण बदललं तर ती बदलू शकते, कायदा तिला अडवत नाही. पण बदललं असं टिपेत लिहावं लागतं, का बदललं ते लिहावं लागतं, आणि त्याने आकड्यांत काय फरक पडला तेही. न सांगता जुन्याच नावाखाली नवं खपवलं तर ऑडिटर सही करत नाही. मारणं काढलं, भिडू काढला, कवड्या काढल्या, हरणं काढलं. आता टेबलावर जे उरलं त्यावर "सारीपाट – आपला वारसा" अशी पाटी लावायची? मी सही करणार नाही. "रंगीत चौकोनांची शर्यत" अशी पाटी लावा, माझं काही म्हणणं नाही.

आता मूळ खेळ. मीटिंगमध्ये चौकशी केली तेव्हा लक्षात आलं की निम्म्या लोकांनी तो फक्त टीव्हीवर नाहीतर संग्रहालयात काचेमागे पाहिलाय. म्हणून पूर्ण सांगते. आमच्याकडे कवड्यांवर खेळतात तो प्रकार. फाशांचा प्रकार वेगळा, त्यात तीन लांबट फासे लागतात. (पौबारा हा शब्द त्यातलाच. पौ म्हणजे एक, बारा म्हणजे दोन सहा.)

पट अधिक चिन्हासारखा. मधे एक मोठं घर, त्याला चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तीन ओळी, ओळीत आठ घरं. म्हणजे पट्टीत २४, चार पट्ट्यांत ९६. प्रत्येक पट्टीत तीन घरांवर फुली: एक मधल्या ओळीच्या टोकाला, आणि बाजूच्या दोन ओळींत टोकाकडून चौथ्या घरावर. फुलीवरची सोंगटी मरत नाही. चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू: पिवळा आणि काळा एकीकडे, लाल आणि हिरवा दुसरीकडे.

सोंगटी मधल्या घरातून निघते, आपल्या पट्टीच्या मधल्या ओळीने बाहेर जाते, मग घड्याळाच्या उलट्या दिशेने सगळ्या पटाच्या कडेने फिरते आणि आपल्याच मधल्या ओळीने परत घरात येते. बाहेर जायला ८, पूर्ण फेरीला ६८, परत आत यायला ८. एकूण ८४. (चौऱ्यांशीचा फेरा! कोणी यावर फॉरवर्ड तयार करण्याआधी सांगते, हे माझं बेरजेचं गणित आहे, शास्त्रार्थ नाही.)

कवड्या सहा. उताण्या किती पडल्या ते मोजायचं. दोन, तीन, चार, पाच, सहा म्हणजे तितकीच घरं. एकच उताणी पडली तर १०. सगळ्या पालथ्या तर २५, आणि पचीसी हे नाव त्यावरूनच. ६, १० किंवा २५ पडले की पुन्हा दान मिळतं. पहिली सोंगटी कुठल्याही दानाला निघते, पुढच्या काढायला या तिन्हींतलं एक दान लागतं. परक्याच्या सोंगटीच्या घरात तुमची पडली आणि तिथे फुली नसेल, तर ती मेली. मधल्या घरात परत, पहिल्यापासून सुरुवात. मारणाऱ्याला आणखी एक दान. आणि हे महत्त्वाचं: दान पडलं म्हणून खेळलंच पाहिजे असं नाही. सोडून देता येतं.

आता २५ चा हिशोब बघा, कारण हा खेळ कोणी बसवला त्याला आकडेमोड चांगली येत होती. मधल्या घरातून २५ मोजा: तुम्ही बरोबर पुढच्या पट्टीच्या टोकावरच्या फुलीवर येता. तिथून २५ उडी मारायची नाही, १७ वर त्याच्या पुढची टोकाची फुली असते. पण आपल्या पट्टीच्या आधीच्या, म्हणजे तिसऱ्या पट्टीच्या टोकावर तुम्ही ५९ व्या घरात असता, आणि ५९ अधिक २५ म्हणजे ८४. थेट घर. म्हणून मुरलेला खेळाडू तिथे फुलीवर पाय रोवून बसतो आणि पंचवीसची वाट बघतो. पुढे धावत नाही. माझ्या मुलीला हे स्वतःहून सापडलं तेव्हा ती सातवीत होती आणि "गणित मला येत नाही" असं रोज म्हणत होती.

कवड्यांऐवजी फासा ठेवला तर नेमकं हेच जातं. फाशात एक ते सहा सगळ्यांची शक्यता सारखी. सहा कवड्यांत तसं नाही. कवडी नाण्यासारखी समतोल धरली (ती तशी नसते, हा अंदाज आहे) तर ६४ शक्यतांपैकी तीन उताण्या पडण्याच्या २० , दोनच्या १५, चारच्या १५. म्हणजे चारांतल्या तीन वेळांहून जास्त दान दोन, तीन किंवा चार असणार. याचा अर्थ तुमच्या मागे तीन घरांवर शत्रूची सोंगटी असेल तर पळा, सहा घरांवर असेल तर थोडं निवांत राहा. दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. दोन डाव खेळला की न सांगता समजतं. फाशात तीन काय न सहा काय, सारखंच.

आणि "फासा सोपा" म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेरच येत नाही. दहा फेऱ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. टेबलाभोवती चार मुलं असतील तर दहा फेऱ्या झाल्या तरी निदान एक मूल नुसतंच बसून आहे, असं साधारण दर दोन डावांत एकदा होणार. हिशोब तपासून बघा. रडारड टाळायला फासा आणताय, आणि हे मूल रडणार नाही? कवड्यांत दुसरी-तिसरी सोंगटी काढणं लुडोपेक्षा अवघडच आहे, ते कबूल. पण पहिली पहिल्याच दानाला चालू लागते, कोणी ताटकळत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते भिडू काढून टाकणं.

सारीपाटात तुमच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या म्हणून तुम्ही जिंकत नाही. दोघांच्या मिळून आठ पोचल्या पाहिजेत. आणि आमच्या नियमात जो आधी पोचतो त्याचं दान बंद. म्हणजे समोरच्या जोडीला दोन दानं आणि तुमच्या भिडूला एकच. तुम्ही घाईने घरी जाऊन बसलात तर तुमच्याच माणसाला एकटं पाडलंत. म्हणून चांगला खेळाडू शेवटची सोंगटी मुद्दाम मागे ठेवतो. दान सोडून देतो. कधी घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी आत न नेता आणखी एक पूर्ण फेरी मारायला बाहेर काढतो, भिडूच्या मागे लागलेल्याला मारायला. जवळजवळ पूर्ण वाट चालून आलेली सोंगटी, पुन्हा धोक्यात. हे करताना माझ्या मुलाचा चेहरा कसा होतो ते एकदा येऊन बघा.

लुडो १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट झाला, आपल्याच पचीसीवरून. त्यांनी कवड्यांच्या जागी फासा आणला, वाट सोपी केली, आणि आज घरोघरी तो ज्याचा-त्याचा खेळला जातो. लुडो हा लॅटिन शब्द आहे, अर्थ "मी खेळतो". एकवचनी. नावातच सगळं आलं. अमेरिकेत त्याआधीच, १८७४ मध्ये, पारचीसी हे नाव ट्रेडमार्क झालं होतं. त्यांनी त्यांच्या बाजाराप्रमाणे बदललं, नावही थोडंफार बदललं, पैसे कमावले; त्यांच्यावर माझा राग नाही. आपण मात्र दीडशे वर्षांनी, कोणी न सांगता, तेच बदल फुकटात करतोय आणि वर वारसा म्हणतोय!

तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या घरात मुलं आधीच एकेकटी पळताहेत. जुकु, पोहणं, पियानो, इंग्रजी टिकावं म्हणून एक क्लास, मराठी टिकावं म्हणून रविवारचा एक. वेळापत्रक फ्रिजवर, प्रत्येकाचा रंग वेगळा. मीही असंच लावलंय, मी काही वेगळी नाही. पण आठवड्यातून एक तास असा असू दे की ज्यात पहिलं येणं हे दुसऱ्याचं नुकसान आहे. असा दुसरा खेळ माझ्या तरी माहितीत नाही.

आता मारण्याबद्दल.

आपल्याकडे लहान भावंडाला खेळात घ्यायचं पण बाद करायचं नाही, यासाठी एक छान शब्द आहे: कच्चं लिंबू. तुम्ही सगळे कधी ना कधी होतात. आणि कच्च्या लिंबाला काय हवं असायचं? एकच. पक्का भिडू व्हायचं. "मी पण खरं खेळणार, मला पण बाद करा" म्हणून हट्ट करायचो आपण. मीटिंगने काय केलं, तर सगळ्याच मुलांना कच्चं लिंबू केलं. तेरा वर्षांच्यालाही.

"इथल्या वातावरणात सवय नाही" हे तर मला कळलंच नाही. इथलं वातावरण म्हणजे कुठलं? माझा मुलगा शाळा सुटल्यावर गाकुदोत शोगी शिकला. शोगीत हरणाऱ्याने डोकं खाली वाकवून, मोठ्याने, "माकेमाशिता" म्हणायचं असतं. मी हरलो. समोरच्याने विजय ओरडून सांगायचा नसतो, हरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. सात-आठ वर्षांची पोरं म्हणतात. काही डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, आणि सेन्सेई शोगीतून मारणं काढून टाकत नाहीत. शाळेत जानेवारीत कारुता होतो, तिथे तर हाताखालून पत्ता हिसकावून नेतात. रडतात मुलं. पुढच्या वर्षी पुन्हा येतात. मग सवय नाही ती नक्की कोणाला? मला वाटतं मुलांना आहे, आपल्याला नाही. आपलं मूल हरताना दुसऱ्या पालकांनी बघितलेलं आपल्याला नको असतं.

तुम्ही म्हणाल, जपानी मुलांचा सुगोरोकू असतो ना नवीन वर्षात, त्यात कुठे मारतात? बरोबर. चित्रांचा सुगोरोकू म्हणजे एक लांब वाट, फासा टाका आणि "आगारी"पर्यंत पोचा. पण त्यातही "इक्काई यासुमी", म्हणजे एक फेरी गप्प बसा, आणि "फुरिदाशी नि मोदोरु", सुरुवातीला परत जा, अशी घरं छापलेली असतातच. मागे जाणं तिथेही आहे. फरक इतकाच की तिथे कागद तुम्हाला मागे पाठवतो. सारीपाटात समोर बसलेलं माणूस पाठवतं. त्या माणसाकडे बघावं लागतं, पुढच्या दानाला त्याच्याच हातून कवड्या घ्याव्या लागतात, आणि खेळ संपल्यावर त्याच्याच शेजारी बसून चिवडा खायचा असतो. कागदावर रागावता येत नाही, म्हणून कागदाला माफही करता येत नाही. मूल काय शिकलं मग?

आणि आपले देव तरी कुठे जिंकत बसलेत. वेरूळच्या २१ नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत, खाली गणांचा नंदीशी दंगा चाललाय, आणि कथेत हरतो तो शंकर. जेजुरीच्या खंडोबाची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे: म्हाळसेशी पटावर हरला आणि पैजेप्रमाणे बारा वर्षं घर सोडून गेला. (तिकडे बाणाईसाठी मेंढ्या राखत होता ही गोष्ट वेगळी. हरण्याचाही त्याने फायदा काढला.)

एका काकांनी जुगाराचा मुद्दा काढला होता: महाभारत झालं ते याच खेळाने. काका, सभापर्वात पण लागतात, शकुनी दर वेळी "जिंकलं" म्हणतो, सोंगट्यांच्या शर्यतीचं वर्णन तिथे नाही. त्या काळच्या जुगारात बेहड्याच्या बिया टाकायचे, ऋग्वेदाच्या अक्षसूक्तातही त्याच आहेत. पट आणि सोंगट्या आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या टीव्हीमुळे. आणि पैसे लावून खेळलं तर गोट्याही जुगार. इथे जपानमध्ये ही भीती आपल्याहून जुनी आहे: ६८९ साली सम्राज्ञी जितोने सुगोरोकूवर बंदी घातली होती. तो चित्रांचा नव्हे, पटावरचा जुना सुगोरोकू. बंदीचा किती उपयोग झाला ते यावरून समजा की चारशे वर्षांनंतरचा सम्राट शिराकावा म्हणत असे म्हणे की माझं न ऐकणाऱ्या गोष्टी तीनच, कामो नदीचं पाणी, सुगोरोकूचे फासे आणि डोंगरावरचे भिक्षू. (आपल्या कियोसुमी-शिराकावाचा आणि या सम्राटाचा संबंध नाही, मी शोधून झालंय.) आपण पैसे लावणार नाही आहोत. विषय संपला.

आता जे मला खरं म्हणायचंय ते.

आमच्या सासूबाई दरवर्षी कऱ्हाडहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असंच आहे. या नव्वद दिवसांत आजीची अवस्था काय असते? लिफ्टमधली सूचना वाचता येत नाही, कचरा कुठल्या दिवशी कुठला ते समजत नाही, टीव्ही कळत नाही. आयुष्यभर घर चालवलेली बाई पाहुणी होऊन सोफ्यावर बसते. नातवंडं गोड आहेत, पण बोलायचं काय? "जेवलास का? शाळा कशी झाली? अभ्यास झाला?" तीन प्रश्न, तीन उत्तरं, "हो, फुत्सू, हो." मग आजी मोबाईल बघते आणि नातू टॅब्लेट.

पट मांडला की आजी पाहुणी राहत नाही. तिला सगळं येतं आणि बाकी कोणालाच येत नाही. आणि मुलं बोलायला लागतात. मी हिशोबनीस बाई, मी मोजत बसते. रविवारच्या वर्गात मुलं रंग, फळं, नातेवाईक, आठवड्याचे वार शिकतात. सगळी नामं. पटावर काय बोलतात ते ऐका:

"आजी, ही मेली का?"

"मेली कशी, फुलीवर आहे ती."

"मग आपण थांबू या. त्याला तीन पडले तर?"

"तीन पडले तर तुझी जाईल. माझी इथे आणू का मागे?"

आणि दोन दानांनंतर: "थांबलो नसतो तर मेलो असतो."

"थांबलो नसतो तर मेलो असतो." हे वाक्य कुठल्याही पुस्तकातून माझ्या मुलाला शिकवता आलं नव्हतं. जर, तर, नसतो, असतो. वर्गात हे व्याकरण म्हणून येतं आणि मुलं जांभया देतात. इथे ते त्याला हवं होतं, कारण त्याला आजीशी मसलत करायची होती, आणि आजीला जपानी येत नाही.

आता टिपणातले बदल पुन्हा वाचा. भिडू नाही, म्हणजे मसलत करायची गरज नाही. मारणं नाही, म्हणजे धोका नाही, "पडले तर" नाही. फासा आहे, म्हणजे उताण्या-पालथ्या मोजायच्या नाहीत. दान सोडायची मुभा नाही, म्हणजे ठरवायचंच काही नाही. उरलं काय? फासा टाकला, आकडा आला, सोंगटी सरकवली, पुढचा. एक शब्द न बोलता पूर्ण डाव होऊ शकतो. बोललीच मुलं तर जपानीत बोलतील, कारण तेवढ्याला जपानी पुरतं. ज्या गोष्टीसाठी आपण हा कोपरा मांडतोय तीच आपण हाताने काढून टाकली.

वेळ लागतो, हे मात्र खरं. आठ सोंगट्यांचा पूर्ण डाव मेळाव्यात संपणार नाही; आमच्याकडे कधीकधी रात्रीच्या जेवणानंतर पट तसाच झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुढे खेळतो. मेळाव्यासाठी प्रत्येकी दोन सोंगट्या घ्या, खेळ लहान होईल, मोडणार नाही. सहा वर्षांच्या आतल्यांना मोठ्याच्या मांडीवर बसवून कवड्या टाकू द्या. ते खरंच कच्चं लिंबू आहेत, त्यांचा मान ठेवू. आणि जागा अगदीच कमी असेल तर पंचवीस घरांचा छोटा पट आहेच, चार कवड्यांचा. कोणी त्याला चल्लस-आठ म्हणतं, कानडी शेजारी चौकाभारा म्हणतील, तेलुगू अष्टा-चम्मा. आपल्या इमारतीतल्या आंध्रच्या वहिनींना विचारा, त्या डोळे मिटून खेळतात. त्यात तर बहुतेक घरांत असा नियम आहे की एकही सोंगटी मारली नसेल तर आतल्या घरांत शिरताच येत नाही. म्हणजे तिथेही मारणं काढलं तर खेळ जागच्या जागी अडकून बसेल.

मेडलचं म्हणाल तर द्या हवं तर. पण जिंकलेल्या जोडीला मिळून एक द्या. ते कोणाच्या घरी आठवडाभर राहणार यावर दोन कुटुंबांना आपापसात फोन करावा लागेल, तेवढंच.

कवड्यांबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि हे मुलांना जरूर सांगा. शिंपल्याचं कांजी, "काई", आपली मुलं पहिलीतच शिकतात. ते मुळात कवडीचं चित्र, कारण जुन्या चीनमध्ये कवडी हाच पैसा. माझ्या रोजच्या कामात हे चिन्ह पावलोपावली येतं: शिसान म्हणजे मालमत्ता, फुसाई म्हणजे देणी, झाइमु म्हणजे वित्तव्यवहार, चोकिन म्हणजे बचत, सगळ्यांत कुठे ना कुठे कवडी बसलेली आहे. विकत घेणे, "काउ", त्यातही. आणि हरणे, "माकेरु", त्या चिन्हाच्या खालीही कवडीच आहे. जिंकण्याच्या चिन्हात ती नाही. मुलांना हे दाखवलं की ती तासभर कांजी उलटसुलट करून कवड्या शोधत बसतात. मराठीतली कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक ही मंडळी मग आपोआप ओळखीची होतात. प्लास्टिकचा फासा ठेवून यातलं काय सांगणार?

तर माझं म्हणणं असं की टिपणातल्या चारही ओळी मागे घ्याव्या, निदान पुढच्या मीटिंगमध्ये त्यावर मत घ्यावं. पोल टाकणार असाल तर "मुलांना रडवायचं का" असा प्रश्न नको, नियम लिहून विचारा. आणि त्याआधी एकदा खेळून बघा. मोठ्यांनी. ज्यांनी ठरवलं त्यांनी तर नक्कीच.

येत्या शनिवारी दुपारी दोन ते पाच ओजिमाला वॉर्डाच्या केंद्रातली तातामीची खोली मी घेतली आहे. कापडाचे दोन पट आहेत, एक सासूबाईंनी जुन्या साडीवर शिवलेला आणि एक मी शंभर येनच्या दुकानातल्या फेल्टवर आखलेला, दिसायला यथातथा पण घरं बरोबर आहेत. कवड्या पुरेशा आहेत. स्वतःच्या हव्या असतील तर भारतातून मागवा, नाहीतर उन्हाळ्यात चिबाच्या दक्षिण किनाऱ्यावर जाल तेव्हा वाळूत बघा, इथे तिला ताकारागाई म्हणतात. सोंगट्या म्हणून शर्टाची मोठी बटणं चालतात, चार रंग, प्रत्येकी चार. तोयोसु आणि कामेइदोहून येणाऱ्यांनी मुलं आणली तरी चालेल, पण पहिला डाव मोठ्यांचा. नवरा-बायकोंना भिडू करणार नाही, हे आधीच सांगते. मागच्या वेळी त्यावरून जे झालं ते पुरे. आजी-आजोबा सध्या इथे असतील तर त्यांना आणाच, आणि खाली बसता येत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या वेगळ्या मागाव्या लागतात.